आउटबॉक्समध्ये अडकलेला डोंगर

"जात नाय गं," अण्णा म्हणाले.

हेमांगीने कढईखालची आच कमी केली, फोन खांद्याने कानाशी दाबला आणि हसू आवरलं. ऑगस्टमधला हा तिसरा फोन.

"आलेले मेल दिसतात का पण?"

"दिसतात की! विमावाल्यांचे येतात, गुडघ्याच्या तेलाचे येतात. नको ते सगळं येतं. माझा एकटाच तेवढा जात नाय. आउटबॉक्समधी बसून राहतो आणि लाल अक्षरांत सांगतो, 'पाठवता आले नाही'. अरे बाबा, का ते तरी सांग!"

"रात्रभर ठाणावर ठेवला होता ना फोन?"

"ठेवला होता."

"बंद करून पुन्हा चालू केला?"

"दोनदा."

"पासवर्ड?"

"तुझ्या आईचं नाव आणि आपला पिनकोड. तो कसा चुकेल?"

"बरं. दहा मिनिटं थांबा, बघते."

वामन कळंबे म्हणजे पायरवाडीचे निवृत्त टपालवाले. अडतीस वर्षं त्यांनी खांद्याला पिशवी अडकवून घाटातल्या सात वाड्यांची पत्रं पायी पोचवली. त्याच जोडीला दुसरं एक काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजायचं आणि नऊच्या आत हवामान खात्याला कळवायचं. आधी कार्डाने, मग फोनने, आता मेलने. एकतीस वर्षांत एकही दिवस कोरा नव्हता. बायको गेली त्या दिवशीसुद्धा साडेआठला ते उठले, पाणी मोजलं आणि परत येऊन तिच्या उशाशी बसले. हेमांगीला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. तो पुरता गेला होता असंही नाही.

आई होती तोवर फोन आईच घ्यायची. अण्णा मागून ओरडायचे, "जेवली का विचार." आई विचारायची, हेमांगी आईलाच उत्तर द्यायची, आणि बापलेकींचं बोलणं झालं असं तिघंही मानून चालायची. आई गेल्यावर दोन वर्षं दर रविवारी फोन व्हायचा. "बरं आहे ना?" "बरं आहे." पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही. मग जुलैच्या तीन तारखेला अण्णांचा मेल पहिल्यांदा अडकला आणि बोलायला विषय मिळाला. हेमांगी महाडला अक्षरवाहिनी कंपनीच्या तक्रार केंद्रातच कामाला होती. न जाणारे मेल घालवणं हाच तिचा धंदा.

तेव्हा हे सारखं सारखं मेल अडकणं तिला खरं वाटत नव्हतं यात नवल नाही. म्हातारा लबाड आहे, फोन करायला निमित्त शोधतोय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं.

हे ठाण काय प्रकरण आहे, ते आता सांगायला हवं.

एक काळ असा आला होता की कुणाचाही आवाज, सही, चेहरा घरबसल्या बनवता यायचा. मुलाच्या नावाने आईला मेल जायचे, न्यायाधीशाच्या नावाने निकाल यायचे. लोकांचा अक्षरावरचा विश्वासच उडाला. त्यावर तोडगा निघाला तो घड्याळाचा. प्रकाशाच्या जाळीत स्ट्रॉन्शियमचे अणू अडकवून चालणारी घड्याळं पूर्वी प्रयोगशाळेत खोलीभर जागा खायची. ती लहान होत होत नारळाच्या करवंटीएवढी झाली. असं घड्याळ बसवलेली एक चपटी पाटी प्रत्येक घराच्या भिंतीत पक्की रोवून दिली. तेच ठाण. फोन त्यावर ठेवला की चार्ज व्हायचा आणि आउटबॉक्समधल्या मेलवर त्या घड्याळाचा शिक्का बसायचा.

शिक्का कशाचा, तर उंचीचा. जमिनीच्या जितकं जवळ जावं तितका काळ सावकाश चालतो. ही काही कल्पना नव्हे, शंभर वर्षांपूर्वी कागदावर सिद्ध झालेली आणि नंतर मोजून पाहिलेली गोष्ट आहे. माळ्यावरचं घड्याळ तळघरातल्या घड्याळापेक्षा किंचित पुढे पळतं. फरक किती? दोन घड्याळांत एका सेंटिमीटरची उंची ठेवली आणि विश्व जन्मल्यापासून आजपर्यंत ती चालू दिली, तर शेवटी त्यांच्यात अर्ध्या सेकंदाचं अंतर पडेल. एवढा बारीक फरक ही करवंटी एका रात्रीत ओळखायची. चंद्राच्या ओढीने आपल्या पायाखालची जमीन रोज दोनदा वीतभर वर येते आणि खाली जाते; आपल्याला पत्ताही लागत नाही, पण ठाणाला लागतो, आणि तेवढा फरक ते आपणहून वजा करतं. अमुक घराच्या अमुक भिंतीत काळ नेमका कसा चालतो ते कंपनीच्या सर्व्हरला ठाऊक असायचं. शिक्का जुळला तर मेल खरा. नाही जुळला तर मेल आउटबॉक्समध्येच. शिक्का खोटा करायचा तर आधी पृथ्वीची ओढ खोटी करावी लागेल.

फोन कानाशी तसाच ठेवून हेमांगीने ओट्यावरच लॅपटॉप ठेवला आणि अण्णांचं खातं उघडलं. ग्राहकाला दिसत नाही ते कारण तिला दिसायचं: 'ठाणाची उंची जुळत नाही. फरक दोन सेंटिमीटरहून जास्त.' नेहमीचंच. भिंतीला गिलावा केला, स्क्रू ढिले झाले, कुणी ठाण उपटून जरा खाली लावलं, की असं व्हायचं. नियम असा की कंपनीच्या माणसाने घरी जाऊन उंची नव्याने मोजावी आणि मगच नोंद बदलावी. पण पावसाळ्यात घाटात कोण जातंय? केंद्रातली सगळीच माणसं फोनवर विचारायची, 'प्रत्यक्ष मोजले' या चौकटीत खूण करायची आणि नवी उंची स्वीकारून मोकळी व्हायची. मेल भुर्रकन जायचे, ग्राहक खूश.

"अण्णा, ठाण हलवलं का कुणी?"

"नाय बाई. हात लावला नाय."

हो का, असं ती मनात म्हणाली. दोन बोटं खाली सरकवलं असेल आणि आता सोवळ्यात असल्यासारखं बोलतोय. तिने चौकटीत खूण केली. अण्णांचा मेल गेला. भाजीची फोडणी तेवढी करपली.

दोनच दिवसांनी, एकोणतीस तारखेला, ती केंद्रात असताना पुन्हा फोन.

"जात नाय गं."

त्या दिवशी तिच्यापुढे तक्रारींचा ढीग होता. पण तिला माया आली आणि मायेच्या भरात ती नको ते बोलून गेली. "अण्णा, मला फोन करायला कारण लागतं का? नुसता करायचा. त्यासाठी ठाणाशी खेळत बसू नका."

पलीकडे पर्जन्यमापकाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"हेमा," अण्णा म्हणाले, "एकतीस वर्षं पाऊस मोजून पाठवतोय. एक थेंब इकडचा तिकडं केला नाय. मी ठाणाशी खेळीन? मी?"

आणि फोन ठेवला.

हेमांगीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हा माणूस बायकोच्या उशाशी बसण्याआधी पाणी मोजून आला होता. ज्याबद्दल तिने त्याच्यावर राग धरला, तेच त्याच्या खरेपणाचं प्रमाण होतं. मग ठाण खाली गेलं कसं?

तिने अण्णांच्या खात्यातल्या जुन्या नोंदी एकाखाली एक लावल्या. आजवर त्या तिने एकेकट्याच पाहिल्या होत्या. अडकला, दुरुस्त केला, विसरली. आता सगळ्या मिळून तिच्याकडे बघत होत्या. तीन जुलै. एकोणतीस जुलै. तेरा ऑगस्ट. बावीस. सत्तावीस. एकोणतीस. प्रत्येक वेळी ठाण खालीच गेलं होतं, एकदाही वर आलं नव्हतं. आणि मधले दिवस? सव्वीस, पंधरा, नऊ, पाच, दोन.

फोन लवकर लवकर येऊ लागले तसं तिला वाटत होतं की अण्णांचं एकटेपण वाढतंय.

तिने पायरवाडीची सगळी खाती उघडली. तेवीस घरं. त्यांतल्या एकोणीस घरांचे मेल या पावसाळ्यात अडकले होते, आणि प्रत्येक वेळी केंद्रातल्या कुणी ना कुणी, कधी ती, कधी शेजारच्या टेबलावरची, 'प्रत्यक्ष मोजले' म्हणून नोंद बदलली होती. उरलेली चार घरं शाळेजवळच्या कातळावरची. तिथली ठाणं केसभरही हलली नव्हती. तिने एकोणीस घरांची उतरण नकाशावर भरली. वरच्या आळीतली साडेसोळा सेंटिमीटर, अण्णांचं साडेतेरा, ओढ्याकाठची अकरा. मधे एक वाकडी रेघ. रेघेच्या या बाजूला सगळं उतरलेलं, त्या बाजूला सगळं स्थिर.

घरांना तडा नव्हता, कारण ताट सरकलं तरी ताटातल्या वाट्या जागच्या जागीच दिसतात. सरकत होतं ते ताट. पायरवाडी ज्यावर वसली होती तो अख्खा भैरीचा डोंगर, शेतं, गोठे, आंब्याची झाडं, चुली यांच्यासकट, आवाज न करता खाली चालला होता. तो एवढा हळू चालत होता की माणसाला, कुत्र्याला, गाईलाही त्याची चाहूल नव्हती. चाहूल लागली होती ती फक्त काळाला. एकोणीस घरांत काळ इतका किंचित मंदावला होता की विश्वाच्या साऱ्या वयातही त्याचे जेमतेम पाच-सात सेकंद व्हावेत. आणि त्या मंदावण्याने एका म्हाताऱ्याचा पावसाचा मेल अडकवून ठेवला होता. पुन्हा पुन्हा. ऐका म्हणून.

भीती तर होतीच, पण भीतीच्याही आधी हेमांगीला हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते तिला सांगता आलं नसतं.

मग ती उठून मेघश्याम फडतऱ्यांच्या खोलीत गेली. फडतरे केंद्राचे प्रमुख, माणूस भला, पण कागदाला घाबरणारा. त्यांनी नकाशा पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे वर पाठवायचं म्हणजे, मॅडम, आपण कुणीच मोजायला गेलो नाही हेही पाठवायचं."

"हो सर."

"सगळ्या केंद्राच्या नोकऱ्या आहेत त्यात."

"माझी पहिली घाला. माझ्या सहीने सहा खुणा आहेत, सहाही खोट्या. खाली लिहून देते." तिने नकाशा त्यांच्यापुढे सरकवला. "सर, आपण खुणा केल्या नसत्या तर या एकोणीस घरांतून जवळजवळ दोन महिने एकही मेल गेला नसता आणि कुणीतरी बघायला आलं असतं. डोंगर सांगत होता. आपण त्याचं तोंड दाबत होतो."

फडतऱ्यांनी यादी उघडून आपल्या सहीच्या खुणा मोजल्या. मग म्हणाले, "सहा तुमच्या. माझ्या नऊ आहेत." आणि त्यांनी आपत्ती कक्षाला फोन लावला.

तिथल्या भूगर्भतज्ज्ञ बाईंनी नकाशापेक्षा ते पाच आकडेच आधी पाहिले. सव्वीस, पंधरा, नऊ, पाच, दोन. घसरणारा उतार शेवटाकडे असाच धावू लागतो, त्या म्हणाल्या, फक्त घराघरांतल्या घड्याळांवरून ते कुणी आधी मोजलेलं नव्हतं. वाडी आजच, उजेड आहे तोवर रिकामी करा.

सांगणं सोपं होतं. चकचकीत गाडीतून कुणी उतरतो आणि म्हणतो, घरं सोडा, तडा गेलेला नाही, भिंत कललेली नाही, पण घड्याळ मंद झालंय. कोण हलेल? हेमांगीने सरकारी जीपमध्ये बसता बसताच अण्णांना फोन लावला. दोनदा त्यांनी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"अण्णा, माझं चुकलं. तुम्ही ठाणाला हात लावला नव्हता."

"मग?"

तिने कसंबसं सांगितलं. काळ, उंची, डोंगर. अण्णांना निम्मं कळलं नसावं. शेवटी ती थांबली, आणि तिला आठवलं ती लहानपणी पाहिलेली त्यांची पिशवी, तिच्यातली परत आलेली पत्रं, आणि त्यांवरचा अण्णांच्या निळ्या शाईतला शेरा.

"अण्णा, तुमच्याकडे पत्र यायचं आणि पत्त्यावर ते घरच नसायचं, तेव्हा काय करायचात?"

"शेरा मारून परत. दुसरं काय?"

"मग तेच झालंय. तुमचा मेल परत येतोय, कारण घर पत्त्यावर राहिलेलं नाही. घर निघालंय अण्णा."

"सगळ्यांचंच?" अण्णांनी विचारलं.

"एकोणीस घरं. कातळावरची चार सोडून."

"कळलं," ते म्हणाले. "तू ये. मी वाटायला सुरुवात करतो."

जीप वर पोचली तेव्हा अधिकाऱ्यांना बोलायला फारसं काही उरलंच नव्हतं. अण्णा डोक्यावर घोंगडी घेऊन, अडतीस वर्षं चालले त्याच क्रमाने, दार न् दार फिरले होते. या माणसाने प्रत्येक घरात मनिऑर्डर आणली होती, नोकरीचं पत्र आणलं होतं, मुंबईहून कुणी गेल्याची तार आणली होती. त्याने आजवर कुणाला चुकीचं टपाल दिलं नव्हतं. तो दारात उभा राहून म्हणाला, "निघा. मी सांगतोय," तेव्हा बायकांनी चुलीवरची भांडी उतरवली आणि पुरुषांनी गुरं सोडली. संध्याकाळच्या आत सगळी वाडी शाळेत होती. वरच्या आळीतली बायजाआजी तेवढी अडून बसली होती. तिला अण्णांनी सांगितलं की तुझ्या नातवाचा मेल आलाय, शाळेत वाचून दाखवतो. तो मेल गेल्या आठवड्यातला होता. आयुष्यात टपालाच्या बाबतीत ते एवढंच खोटं बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला ते शाळेच्या दारात चपला घालू लागले.

"कुठे?" हेमांगीने विचारलं.

"पाणी मोजून येतो. दहा मिनिटांचं काम."

"नाही."

"हेमा, एकतीस वर्षं…"

"माहीत आहे. आई गेली त्या दिवशीही तुम्ही मोजलंत. मी दोन वर्षं ते मनात धरून बसले." ती दारात आडवी उभी राहिली, आणि एवढी वर्षं आईमार्फत बोलणारी ही मुलगी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "आज कोरा जाऊ दे. मला तुम्ही हवे आहात, अण्णा. मला पाऊस नको."

अण्णा एक चप्पल घातलेली, एक हातात, असे उभे राहिले. मग खाली बसले. साडेआठ वाजले. नऊ वाजले. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि हेमांगी त्यांच्या पाठीशी टेकून बसली होती.

दहा वाजून वीस मिनिटांनी डोंगर निघाला.

आधी पक्षी उठले, सगळ्या झाडांवरचे एकदम. मग वरच्या बांबूंच्या बेटाखाली एक काळी रेघ उघडली. नंतर जे झालं ते पळत नव्हतं, कोसळत नव्हतं. निदान सुरुवातीला तरी नाही. ते चालत होतं. आंब्याची झाडं उभीच्या उभी, पानही न हलवता, खाली चालत आली. घरं आपापल्या जागेवरून उठून शेजारधर्माने एकमेकांबरोबर निघाली. अण्णांच्या अंगणातला पर्जन्यमापक ताठ उभा राहून बरंच अंतर गेला. त्यानंतर आवाज आला, तो कानांनी नाही तर पायांनी, कातळातून वर. मग सगळ्यावर लाल माती फिरली.

तेवीस कुटुंबं कातळावर उभी होती. बायजाआजीने पदर डोक्यावर घेतला आणि जमिनीला हात लावून कपाळाला लावला. अण्णा हळूच म्हणाले, "केवढं मोठं टपाल होतं गं. आणि आलं कुठून, तर माझ्या आउटबॉक्समधून."

हेमांगीची तक्रार केंद्रातली नोकरी गेली. खोटी खूण ती खोटीच, आणि तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती. फडतऱ्यांची बदली झाली. दोन महिन्यांनी आपत्ती कक्षाने तिला बोलावून घेतलं. आता सह्याद्रीतल्या सगळ्या ठाणांचे अडकलेले मेल तिच्यापुढे येतात, आणि त्यांतला एकही ती मोजायला माणूस पाठवल्याशिवाय दुरुस्त करत नाही. त्या पावसाळ्यानंतर तिने आणखी दोन वाड्या वेळेवर हलवल्या आहेत.

पायरवाडी आता कातळापलीकडच्या माळावर वसली आहे. अण्णांच्या नव्या घरात नवं ठाण आहे, अंगणात नवा पर्जन्यमापक आहे. आपत्ती कक्षाने दुसऱ्याच दिवशी शाळेच्या अंगणात तात्पुरता पर्जन्यमापक लावून दिला होता, म्हणून त्यांच्या वहीत तीस ऑगस्टची एकच ओळ कोरी आहे. ती त्यांनी कधी भरली नाही आणि कुणी विचारलं तर लपवतही नाहीत.

परवा सकाळी नऊला पाच कमी असताना फोन वाजला.

"जात नाय गं," अण्णा म्हणाले.

तिने झटकन त्यांचं खातं उघडलं. ठाणाची उंची: केसभरही फरक नाही. आउटबॉक्स: रिकामा. पावसाचा मेल आठ एकेचाळीसला, शिक्क्यासह, पोचलेला.

तिने खुर्ची मागे सरकवली, पाय लांब केले.

"थांबा हं अण्णा," ती म्हणाली, "बघते. जरा वेळ लागेल. तोवर सांगा, जेवायला काय केलंय?"